पिशवी नव्हे

आर्णीत शिवणकाम करणाऱ्या दीपाच्या तोंडी लागू नये, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी २०१७च्या हिवाळ्यात, बोंडअळीने कापूस पोखरला त्या साली, जो तो तिला समजवायला धावत होता. फुकटचं शहाणपण वाटण्यात आमच्या गल्लीचा हात कोणी धरणार नाही.

दीपाला काही झालेलं नव्हतं. झालं होतं तिच्या आईला आणि मावशीला, अंडाशयाचा कॅन्सर. दोघीही गेल्या. नागपूरला दीपाचं रक्त तपासलं, तर या कॅन्सरकडे नेणारा जनुकातला दोष तिच्यातही उतरलेला. हा रोग वेळेत हमखास पकडेल अशी तपासणी नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दीपा चाळिशीला टेकलेली, लेकरंही झालेली. तेव्हा दोन्ही अंडाशयं आणि नळ्या आधीच काढाव्यात, धोका पुष्कळ कमी होईल. मात्र पाळी एकदम थांबेल, अंगाची लाही होईल, हाडं जपावी लागतील. दीपाने तिथंच ठरवलं.

"एवढंच ना? इथंच पिशवी काढून टाक," सासू रुखमाबाई म्हणाल्या. "अर्ध्या गल्लीनं काढली."

आमच्याकडे बाईच्या पोटातलं सगळं या एकाच शब्दात कोंबतात. दीपा भडकली.

"मायची पिशवी काढलीच होती ना! सारे म्हणे, सुटली बिचारी. अंडाशयं आतच राह्यली, त्यायनंच घात केला. मले पिशवीचं सांगू नका!"

नवरा संघदीप चाचरत म्हणाला, "पण धडधाकट अंग कायले कापून घेतं?"

तिने त्याच्याच वावरातलं हिरवंगार बोंड त्याच्यासमोर फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"वरून दिसत होती का?"

नागपूरला जायची बॅग संघदीपनेच भरली.

ऑपरेशन पार पडलं. उन्हाळ्यात अंगातून वाफा निघायच्या, तेव्हा मानेवर ओला पंचा टाकून दीपा मशीन चालवायची. चिडचिड व्हायची, कधी रडायचीही, पण पस्तावली नाही.

एकदा नळावर शेजारची मानीबाई मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "दीपा आता बाई नाही राह्यली."

दीपाने भरलेली गुंडी खाली ठेवली.

"नाही राह्यली तं नाही! माह्या पोरीची माय तं राह्यली ना? माही माय नाही राह्यली."