न सुजलेली टाच
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माझे पती वारले. त्याआधी काही दिवस निमोण्याच्या मळ्यात त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. सासूबाईंनी गूळ-चुना कालवून लावला, पण ताप हटेना, म्हणून त्यांना दौंडला नेलं. दवाखान्याच्या खिडकीतून स्टेशनातल्या इंजिनाचा कोळशाचा धूर आत येत होता. सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "बघा डॉक्टरीणबाई, सूज न्हाई, पू न्हाई. लेपाचा गुण हाय." डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पू धरायला हवा होता, आजी. जखमेतून काही रसायनं पाझरतात. गुळाच्या वासावर मुंग्या याव्यात, तशा रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्या मागानं जखमेपाशी येतात आणि लढतात. सूज, पू ही त्यांचीच खूण. यांच्या रक्तात त्या जवळजवळ उरलेल्याच नाहीत." हे हसले. "म्हंजी मी हाका मारतोय आन् घरात कुणीच न्हाई, व्हय?" आम्ही कुणीच हसलो नाही. इतक्या वर्षांनी काल माझ्या बोटात बोरीचा काटा गेला. मी गूळ-चुना कालवला, त्याच्या वासानं हे सगळं आठवलं आणि लेप तसाच वाटीत राहिला. आज बोट लाल झालं आहे, सुजलं आहे आणि ठणकतं आहे.