हातात पडणारा पगार

पगारांची पाहणी करायला दरवर्षी आमच्या कारखान्यात एक सरकारी कारकून येतात. खाजगीतले पगार बघून सरकारी पगार ठरवायचे, म्हणून ही पाहणी. येतात तेच दमलेले. आधी पाणी मागतात, मग बूट सैल करून बसतात. आकडे मी सांगतो; उत्तर ऐकलं की लिहिण्याआधी क्षणभर माझ्या तोंडाकडे बघतात. मला ते नकोसं वाटतं, कारण कायद्यातलं किमान वेतन दिसावं म्हणून मालक पगार फुगवूनच लिहायला सांगतात.

यंदा माझे आकडे वाचून ते उठले आणि थेट लेथवरच्या माणसाकडे गेले.

"पावणं, हातात किती पडत्यात?"

त्यानं सांगितलं. परत येऊन त्यांनी माझा आकडा खोडला आणि त्याचा, बराच कमी, लिहिला.

"अहो, अशानं तुमचाच पगार कमी ठरंल की!" मी म्हणालो.

"व्हय. दोन पोरी कॉलेजात हायत, मलाबी कळतंय." त्यांनी डोळे चोळले आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "हिशेबनीस. हे तुम्हीच न्हवं? सांगा."

मालकांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि घरी बायकोलाही कधी न सांगितलेला खरा आकडा त्यांना सांगितला.