पाचवा दात

जर्मनीत, डार्मश्टाटच्या संग्रहालयात माझी पीएचडी चालली होती ती पोटाला पिशवी असणाऱ्या चिमुकल्या मांसाहारी प्राण्यांवर. दिसायला उंदीर, वागायला वाघ! कवट्या इतक्या सारख्या, की कूळ ठरवायचं ते दात मोजून. वरच्या जबड्यात एका बाजूला पुढचे दात चार असले तर ऑस्ट्रेलियातला डनर्ट, पाच असले तर अमेरिकेतला ऑपॉसम.

एका गुरुवारी ऑपॉसमच्या खणातली एक कवटी हाती आली. खालचा जबडा गायब, उजवी बाजू तुटलेली. डावीकडचे दात मोजले तर चार. पुन्हा मोजले, चारच! चुकीच्या खणात पडलेला डनर्ट मला सापडला होता. माझा पहिला शोध! मी अक्षरशः हवेत होते. मग आपल्याकडे आनंद झाला की जे करतात तेच केलं. रात्री मिल्क पावडरचे पेढे केले आणि शुक्रवारी अख्ख्या मजल्यावर वाटले. इथे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या तरी लोक अपशकुन म्हणून दचकतात. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, "आल्झो, म्हणजे प्रोफेसरबाईंनी बघितलं?"

"सोमवारी दाखवणार," मी म्हणाले. तिने पेढा खाल्ला, पण अभिनंदन केलं नाही.

तेव्हा माझे सासरे आमच्याकडे राहायला आले होते. सांगलीत त्यांचा चाळीस वर्षं दातांचा दवाखाना होता. शनिवारी मी त्यांच्यापुढे लॅपटॉपवर कवटीचा फोटो उघडून ठेवला. "अहो बाबा, बघा ना, चार!"

"जरा मोठं कर. अजून. अगं, पाच आहेत."

"चारच तर दिसतायत!"

"पाचव्याचा खड्डा बघ की. धूळ भरलीय त्यात. दात पडला म्हणून पेशंटला तो नव्हताच म्हणायचं का?"

डोळ्यांत पाणी आलं, आणि मजलाभर वाटलेले पेढे आठवून तशातच हसू फुटलं. बाबा तर हसून हसून खोकायला लागले.

सोमवारी प्रोफेसरबाईंनी बारीक ब्रशने धूळ झटकली. खड्डा लख्ख दिसला. "गेनाऊ, अगदी बरोबर. कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या सासऱ्यांच्या."

"मग नाव त्यांचंच." नमुन्याची ओळख जो पक्की करतो त्याच्या नावाची चिठ्ठी कवटीसोबत कायम राहते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या चिठ्ठीवर मला माझं नाव हवं होतं.

दुपारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून हजर. चिठ्ठी मीच लिहिली: ऑपॉसम, आणि खाली त्यांचं पूर्ण नाव. त्यांनी ती चष्म्याजवळ धरून वाचली.

"डॉक्टर राहिलं की गं," म्हणाले, आणि माझ्या हातातलं पेन घेऊन नावाआधी स्वतःच लिहिलं. मग पेन परत देत म्हणाले, "तुला लागायला अजून वेळ आहे. तोवर खड्डेही मोजत जा."