पाचशेच्या आधी डबल सीट नाही

जोगेश्वरीच्या गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाऊराव मिस्त्रीचं गॅरेज होतं. बुलेटचं इंजिन बांधावं तर भाऊरावनेच, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि त्याच्या शिव्याही मुकाट खात. नव्याने बांधलेलं इंजिन पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायचं नाही आणि मागे कुणाला बसवायचं नाही, हा त्याचा नियम. एकाने बायकोला बसवून नेलं, तर भाऊरावने वर्षभर त्याच्या गाडीला हात लावला नाही. माणूस हट्टी खरा, पण कामाला चोख.

१९८४ साली त्याने भंगारातली एक बुलेट स्वतःसाठी उभी केली. तिच्या सिलिंडरचं हे शेवटचं बोअरिंग, म्हणजे आतून तासणं; आता बिघडलं की सिलिंडर फेकूनच द्यायचा. तेल घ्यायला गेला, तेव्हा दुकानदार रतनशेठने वर आणखी एक बाटली पुढे केली.

"हे पण टाक यार. लोण्यासारखी चालेल."

"नको. साधं चाळीस नंबरच दे. पिस्टनच्या रिंगा आधी सिलिंडरला घासून नीट बसू देत. आत्ताच निसरडं केलं तर जन्मभर तेल पिईल ती."

शंभर किलोमीटरला त्याने ते तेल काढलं, बोटांवर चोळून पाहिलं. लोखंडाची बारीक चमक होती, ती असायचीच. नवं तेल भरून तो रोज संध्याकाळी एकटाच आरे कॉलनीत घिरट्या घालू लागला, कारण रविवारी कांदिवलीला मेहुणीच्या, लताच्या मुलीचं बारसं होतं. "मिस्त्रीची बायको आणि रिक्षाने येते," असं लता दरवेळी हसायची. या खेपेला स्वतःच्या गाडीवरून तिच्या दारात उतरायचं, एवढंच त्याच्या बायकोने, शकूने मागितलं होतं. चौदा वर्षांच्या संसारात तिने दुसरं काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

शेवटचे दोन दिवस एका गिऱ्हाइकाच्या कामाने खाल्ले. रविवारी सकाळी मीटर चारशे बारावर. शकू रोज गाडी पुसायची, आकडा तिला पाठ होता. हिरवी साडी नेसून ती रिक्षा बघायला निघाली. ती भांडली असती, तर भाऊराव नियमावर अडून बसला असता. ती काहीच बोलली नाही, तिथे त्याची वाट लागली.

त्याने किक मारली. "बस मागे."

"पाचशे झाले?"

"झाले."

गिऱ्हाइकाशी एका किलोमीटरचंही खोटं न बोललेला माणूस हा. शकू मागे बसली, पदर खोचला, त्याच्या खांद्यावरून मीटर पाहिला.

"तीसच्या वर नेऊ नका," ती म्हणाली. "इंजिन नवं आहे."