तळमजल्यावरच्या तिघी

वरच्या मजल्यांवरचे कपडे उडून तळमजल्याच्या गॅलरीत जमतात, तसे आमच्या बिल्डिंगमधले किस्से माझ्याकडे जमलेत. मी काही गोळा करायला गेले नव्हते. पडत गेले.

वर्तकनगरातली आमची बिल्डिंग जुनी, बिनलिफ्टची. तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिघी भाड्यानं राहतात. पन्नाशीच्या सुलभाताई, तिशीची मंगला आणि मोजकंच बोलणारी शैला. तिघींनाही बौद्धिक अपंगत्व आहे. एक संस्था त्यांचं बघते, सोबतीला नलूमावशी असतात.

माझी इरा चार वर्षांची. तिला डाउन सिंड्रोम आहे. त्यामुळे त्या फ्लॅटकडे मी बोर्डाच्या निकालाकडे पाहावं तशी पाहायचे. त्यात त्यांचा करार फेब्रुवारीत संपत होता आणि सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णीकाका परवानगीचं विचारलं की नुसतं "बघू" म्हणायचे. या तिघींना आमची बिल्डिंग ठेवून घेणार नसेल, तर पुढे माझ्या इराला कोण ठेवून घेणार? भाजी चिरताना भाजीबरोबर हाही प्रश्न मी चिरत बसायचे.

* * *

पहिल्यांदा गेले ती शिऱ्याचा डबा घेऊन. मंगलानं साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"कोण? कोणाकडे? काय काम?"

"तिसऱ्या मजल्यावरची. सहज आलेले गं."

"सहज हे काम नाही. काम ठरवून या."

दार बंद. मी शिऱ्यासकट तीन मजले चढले. नवरा डबा उघडत म्हणाला, "त्यांच्या घरात कोणीही घुसेल ही काळजी तुलाच होती ना?"

* * *

मंगला वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला जाते. बसनं, एकटी. एकदा इराला आईकडे ठेवून मी गुपचूप तिच्याच बसमध्ये चढले. हिला जमतं म्हणजे इरालाही कधीतरी जमेल, एवढंच बघायचं होतं.

ती बरोबर स्टॉपवर उतरली. मागोमाग मी. तिच्या वेणीवर नजर ठेवण्याच्या नादात कुठे वळलो ते पाहिलंच नाही. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळ्या शेड सारख्या. मंगलानं वळून पाहिलं, सुस्कारा सोडला, मला स्टॉपवर परत आणलं आणि कंडक्टरला बजावलं, "यांना वर्तकनगरला उतरवा हं. त्यांना सवय नाही."

* * *

कुलकर्णीकाकूंची मुख्य भीती गॅसची. "एखादीनं उघडा ठेवला तर अख्खी बिल्डिंग जाईल!"

तिघींची पद्धत अशी, की सुलभाताई बटण फिरवून मोठ्यानं "बंद" म्हणतात. मग शैला येऊन बघते, मान हलवते. त्यानंतरच पानं वाढली जातात.

गणपतीत काकू खाली आरतीला आलेल्या आणि वर दूध गॅसवर. करपल्याचा वास शैलाला आला. तिनं काकूंचा पदर धरून त्यांना वर नेलं. पातेलं गेलं, बाकी सगळं वाचलं.

मंगलानं काळजीनं विचारलं, "काकू, तुमच्याकडे बघायला दुसरं कोणीच नसतं का?"

काका शेजारीच उभे होते.

* * *

शैलाचा भाऊ तिला दिवाळीला डोंबिवलीला घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी ती पिशवी भरून त्याच्या दारात उभी.

"घरी."

"अगं, हे घरच आहे ना?"

"हे तुझं," शैला म्हणाली.

भावानं हे आम्हाला स्वतः सांगितलं. तिला सोडायला आला होता तेव्हा. चहा मात्र त्याला शैलानं दिला. पाहुणा म्हणून.

* * *

जानेवारीत काकांनी नवीन फाटा फोडला, "बिल्डिंगमधल्या बायकांचं काय म्हणणं पडतं ते बघू." त्याच आठवड्यात सुलभाताईंनी हळदीकुंकू जाहीर केलं. इतक्या वर्षांत त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आता यांच्याकडे कोण येणार? मी दारोदार आठवण करायला निघाले तर सुलभाताई म्हणाल्या, "माझं हळदीकुंकू आहे. तुम्ही फक्त या."

सगळ्या आल्या. काही जणी नुसत्या बघायला आल्या असतील, पण आल्या. तिळगूळ झाला. मग वाण. प्रत्येकीला वर्तमानपत्रात बांधलेला एकेक पुडा.

काकूंनी तिथेच सोडला. आत काकांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. धुतलेली, इस्त्री केलेली, वर दोन चिमटे.

शेजारणीला तिचा टॉवेल मिळाला, वरच्या वहिनींना पंजाबीची ओढणी. वर्षानुवर्षं गॅलरीत पडलेलं आणि बेल वाजवायला नको म्हणून कोणीच न मागितलेलं. कोणाच्या दोरीवरून काय पडलं, सुलभाताई खालून बघून ठेवत होत्या.

मग काकूंनी चड्डी पदराखाली घेतली आणि त्यांना जे हसू फुटलं, ते थांबेचना. डोळे पुसत म्हणाल्या, "सुलभा, परवानगीवर ह्यांची सही उद्या सकाळी आणून देते."

माझ्या पुड्यात इराची लोकरीची टोपी निघाली, पहिल्या वाढदिवसाची. सुलभाताईंनी ती माझ्या शेजारी बसलेल्या इराच्या डोक्यावर बसवून पाहिली. बसेना. त्यांनी माझ्याकडे तक्रारीनं पाहिलं.

"मोठी होतेय ही. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"