खसखशीचं वाण

भित्रेपणात माझा हात कुणी धरू शकत नाही. मी लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, गॅस बंद केलाय की नाही ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येते, आणि हैदराबादेतला आबिड्सचा रस्ता ओलांडताना पोरगी बरोबर असली तरी मला आधी आईचा हात आठवतो. अशा बाईला नवऱ्याने फोनवर सांगितलं, की तुम्हा दोघींचे राहण्याचे परवाने आले, आता सिंगापूरला या.

तो तिथे वर्षभर एकटाच होता. मी आणि आमची सहा वर्षांची मुलगी सुलतान बाजारामागच्या आईच्या घरी राहत होतो. पोरीला बाप फक्त फोनच्या पडद्यावर दिसायचा. एकदा तो गप्प बसला तर ती म्हणाली, "बाबा अडकला." नेट अडकतं तसा. त्या रात्री मला झोप लागली नाही. जायला हवंच होतं.

पण त्या शहराची भीती वाटत होती आणि ती नवऱ्यानेच घातली होती. 'इथे असलं चालत नाही' हे त्याचं नवं पालुपद. थुंकलं की दंड, कचरा टाकला की दंड. काही भलतं केलं तर परवाना रद्द, आणि सगळ्यांचीच घरी रवानगी. आमच्याकडे पणजोबांपासून सगळे सरकारी नोकर, कायद्याला मानणारेच. पण हैदराबादचा कायदा आपल्या अंगवळणी पडलेला असतो. सुलतान बाजारात नुसता हात वर केला तरी बस थांबते. तिकडे हात वर केला तर काय होतं, कुणास ठाऊक.

त्यातच अधिक महिना लागला. अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. जावई समुद्रापलीकडे असल्याने रीत बदलेल, असं आईच्या मनातही आलं नाही. तिने तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, सावलीत वाळवून कुटले, गुळात मळून पीठ मुरत ठेवलं. अफझलगंजच्या दुकानातून निवडक खसखस आणली. खसखशीवर थापायचे आणि तुपात खसखशीची बाजू वर ठेवून तळायचे. पहिला घाणा हसला, म्हणजे तुपात पसरून विरघळला, तेव्हा तिचा चेहरा उतरला. पुढचे मात्र जाळीदार झाले.

"आई, खायचं नेऊ देतात का ते विचारते," मी म्हटलं.

"इचारून इचारून परेशान करतीस गं पोरी. घरचंच तर हाय, त्यात काय बाँब हाय का?"

तरी मी नवऱ्याला विचारलंच. तो म्हणाला, घरची मिठाई चालते. मी अनारसे म्हटलं, त्यानेही अनारसेच ऐकले. अनारसा म्हटल्यावर खसखस वेगळी कोण सांगतं? पुरणपोळी म्हटल्यावर कुणी आत पुरण आहे म्हणून बजावत नाही.

आईने डबा हातातल्या बॅगेत स्वतः बसवला. वर एक सुपारी ठेवून हात जोडले. मला म्हणाली, "जावयाच्या हाती पडल्याबिगर उघडू नक्को."

विमान खाली यायला लागलं तेव्हा सूचना झाली, की अमली पदार्थ आणणाऱ्याला या देशात मृत्युदंडही होऊ शकतो. मी निवांत होते. मी आयुष्यात पानात तंबाखूसुद्धा घेतली नाही. पोरगी भुकेने किरकिरत होती, म्हणून आईची क्षमा मागून मी डबा उघडला. शेजारी एक तेलुगू बाई बसल्या होत्या, मुलाकडे तिथेच राहणाऱ्या. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"अम्मा, ऊपर गसगसालु है क्या?"

"हौ, खसखस," मी कौतुकाने म्हणाले.

"अय्यो! यहाँ खसखस को ड्रग में गिनते. एकदम मना है. मेरी भाभी का पूरा मसाला एअरपोर्ट पे निकाल लिए थे."

मला धरून नेलं तर पोरगी कुठे जाईल? तिला बाहेर बापाकडे कोण पोचवेल? तिचा परवाना, माझा, नवऱ्याचा, सगळं माझ्या मांडीवरच्या त्या स्टीलच्या डब्यात होतं. वर्षभर एकट्याने काढलेल्या त्या माणसाला मी हे वाण घेऊन चालले होते.

"इधरीच छोड़ दो," बाई म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. पण सुपारी ठेवून, हात जोडून दिलेलं वाण विमानाच्या कचऱ्यात टाकायला माझा हात होईना. भीती वाटली की माणसाला अक्कल सुचते म्हणतात. मला सुचलं ते असं, की खसखस खरवडून काढावी.

मी प्लॅस्टिकच्या चमच्याने अनारसे खरवडायला बसले. तुपात तळलेली खसखस अशी सुटते होय? निम्मी चिकटून राहिली आणि निम्मी उडाली. माझ्या ओढणीत, पोरीच्या मोज्यांत, सीटच्या पट्ट्याच्या फटीत, तिच्या केसांत. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मघाशी गुन्हा डब्यात तरी होता, आता तो आम्हा दोघींच्या अंगभर होता. पोरगी गंमत वाटून तळहातावरचे दाणे चाटत होती. मी तिच्या हातावर चापट मारली. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता.

उतरल्यावर दोन वाटा होत्या. काही सांगायचं नसेल तर हिरवी, सांगायचं असेल तर लाल. शेजारच्या बाई हिरव्या वाटेने भरभर निघून गेल्या, मागे वळूनही न बघता. मला राग आला, पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. आम्ही दोघी लाल वाटेने गेलो, कारण हिरव्या वाटेने जायला लागणारी छाती माझ्याकडे नव्हती.

टेबलामागे मध्यम वयाची एक अधिकारी बाई होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला आणि इंग्रजीत सगळं एका दमात सांगून टाकलं. महिना, जावई, तांदूळ, सुपारी. तिला यातलं काय कळलं, देव जाणे. तिने हातमोजे चढवले, एक अनारसा उचलून उजेडात धरला. मग विचारलं,

"ही बॅग कुणी भरली?"

सरळ उत्तर होतं, आईने. शाळेच्या दप्तरापासून लग्नाच्या पेटीपर्यंत माझं सगळं आईनेच भरलं आहे. पण समोर संगणक होता, तिची बोटं त्यावर तयार होती. माझ्या आईचं नाव त्या यंत्रात, त्या कारणासाठी? सुलतान बाजारातल्या त्या म्हातारीचं?

"मी," मी म्हणाले. "मीच भरली."

ती आत जाऊन कुणाशी तरी बोलली. काचेपलीकडे त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पोरीने विचारलं, "आई, आपल्याला बाबाकडे जाऊ नाही देणार?" मी फक्त तिच्या केसांतले दाणे वेचत होते. आणि वेचलेले कुठे टाकू कळेना, म्हणून मुठीत धरून उभी होते.

बाई परत आली. तिने अनारसे एका पिशवीत घालून पिशवी बंद केली, माझ्या मुठीतले दाणेही मागून घेतले, रिकामा डबा परत दिला. या वेळी ताकीद देऊन सोडतो, पुन्हा आणू नका, म्हणाली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मला तिथेच रडू फुटलं.

बाहेर नवऱ्याने पोरीला उचललं. तिने त्याच्या गालाला बोट लावून पाहिलं. तेवढ्यात आईचा फोन आला. वाण पोचलं का, असं तिने विचारलं. पोचलं म्हणून सांगावं आणि मोकळं व्हावं, असं ठरवून मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "शेजारच्यांचा जावई तिकडंच चाललाय. त्याच्या हाती अजून देते. पोरीला खाऊ."

मग सांगावंच लागलं. शक्य तितकं कमी सांगितलं, हसत हसत सांगितलं.

"पोर बरोबर होती ना गं तुझ्या," एवढंच ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट विचारायला लागली. हळद चालते का? देवाचा अंगारा? पोरीला लोकरीची टोपी विणलीय, ती चालते का? जिने जन्मात कुणाला काही विचारलं नाही, ती. मी हो म्हटलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही. शेवटी तिने काही पाठवायचंच बंद केलं.

दिवाळीला आम्ही तिघं हैदराबादला गेलो. फराळाच्या ताटात अनारसे होते, कोरे. चांगले जाळीदार, पण एकावरही खसखशीचा दाणा नव्हता. मला वाटलं, बिचारी विसरली असेल.

"आई, हे तर आपलं घर आहे. इथे खसखस चालते की."

"ठाऊक हाय गं," ती ताटाकडे बघत म्हणाली. "हात धजत नाही."