घुमटकाकीने ठेवलेली जागा

ये गो, अशी जवळ बस. आणि ते कानातलं आधी काढ! कधीतरी मावशीला तोंड दाखवतेस आणि आल्याबरोबर कानात बोंडं घालून बसतेस. मग मी बोलू कुणाशी, मांजराशी? मघाशी मोबाईलवर लावलेलं गाणं कुणाचं आणि मध्येच मी एकटी का ओरडले, असं हसत विचारलंस ना? तर ऐक. ती घुमटकाकी.

आमच्या कोरगावात घुमट पुरुषांच्या गळ्यात. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आरत्यांना वाजलं की छाती भरून येते. बायकांनी फार तर टाळ कुटावेत. हिने लग्नानंतरच्या पहिल्याच चवथीला सासऱ्यांचं घुमट खुंटीवरून काढलं नि गळ्यात अडकवलं. सासरे म्हणाले, "सुने, फुटात ता!" ही म्हणते, "फुटूंदे. माती काय संपली?" तेव्हापासून तिचं खरं नाव एका पोस्टमनलाच ठाऊक.

कातडं गार पडलं की घुमटाचा आवाज बसतो. म्हणून माझ्याकडे चहाला आली तरी आधी घुमट चुलीशी टेकवणार, मग स्वतः बसणार. "काकी, तू पण घे की ऊब," म्हटलं तर म्हणे, "माका कोण वाजयता?"

म्हातारपणी ती नव्या आरत्या रचायला लागली. आम्ही पाचजणी झील द्यायला. म्हणजे तिने ओळ टाकायची आणि आम्ही ती उचलून धरायची. गणपतीवर आपण रानातली फळं टांगून माटोळी बांधतो ना? तर तिने देवालाच विचारलं, "डोंगर कापलो देवा, माटोळी कशाची बांधू?" आता डोंगर कापणारी यंत्रं कुणाची? वाड्यावरच्या गणपती मंडळाच्या अध्यक्षांची! ते तिच्या पायरीवर येऊन गोडीत म्हणाले, "काकी, जुन्या आरत्या आहेत त्या पुरे. मंडपात तुमच्या नव्या कोण ऐकणार?"

"आयकणारे तुका ऱ्हवले," काकी म्हणाली. "माका गाणारे पुरे."

त्याच सुमाराला तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील याचा भरवसा नाही, तोवर गळा राखा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर येऊन मला म्हणते, "राखून काय लोणचा घालू?" आणि आरत्या भरून ठेवायला आम्हाला घेऊन म्हापशाच्या स्टुडिओत गेली.

स्टुडिओ कसला, बर्फाची पेटी! एसीत घुमट पार मऊ पडलं. थाप मारली तर उशीवर मारल्यासारखी. रेकॉर्डिंगवाला भला माणूस. म्हणाला, "आजी, आधी तुम्ही एकट्या गा, मग ह्या गातील, घुमट शेवटी वाजवू. मी सगळं जोडतो." काकीने घुमट पदराखाली घेतलं नि उठली. "मी ओळ टाकतलंय आणि उचलूक समोर कोण नाय? मी काय भिंतीशी भांडतंय?"

शेवटी त्याला यंत्रांसकट आमच्या काजूची फेणी गाळायच्या भट्टीत आणला. हंगाम नुकताच संपला होता. चुलीत नुसती धग ठेवली आणि घुमट काय टणटणलं सांगू! दाराला कडी. आम्ही गोल करून, तोंडाला तोंड देऊन बसलो. ऐकायला भिंतीशी मांडलेली रिकामी भांडी तेवढी. सगळ्या आरत्या एका बैठकीत म्हटल्या. मध्येच रस्त्यावरून पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, परत घेऊया. "परत घेऊक गळो कोणाचो, तुझो?" भोंगा अजून आहे त्यात.

माटोळीची आरती शेवटी घेतली. काकीने हातानेच आम्हाला गप्प केलं. ओळ म्हटली आणि झिलीच्या जागी नुसतं घुमट वाजवत राहिली. पुन्हा ओळ, पुन्हा तसंच. रेकॉर्डिंगवाला घाम पुसत आम्हाला खुणा करतोय, त्याला वाटलं आम्ही विसरलो! आटपल्यावर म्हणाला, "आजी, झील राहिली."

"रवली नाय, ठेवलंय," काकी म्हणाली. "जो आयकात तेणा झील देवची. फुकट आयकूचा नाय."

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्या चवथीला मंडपात आम्हाला बोलावणं नव्हतं. आम्ही काकीच्या ओसरीवर बसलो. मोबाईल तांब्यात उभा केला, म्हणजे आवाज घुमतो. तांब्यातली काकी गात होती, समोरची मुकी काकी घुमट वाजवत होती, आणि जागा आली की मान वर करून आमच्याकडे बघत होती: द्या! आम्हीही असा गळा सोडला की अध्यक्षांनी निरोप धाडला, जरा हळू घ्या. काकीने निरोप आणणाऱ्याच्या हातात टाळ दिले आणि बस म्हणून खूण केली. तो बसला!

गेल्या शिगम्यानंतर काकी गेली. घुमट माझ्या चुलीशी आहे. माझी थाप चुकते, पण कातडं गार पडू देत नाही मी. डोंगर अजून कापतायत. मंडपात अजून बोलावणं नाही. आम्ही अजून गातो. फक्त आमच्यातली एक मुलाकडे बेळगावला गेली, दुसरीला दमा धरलाय. काकी ओळ टाकते आणि उचलायला आवाज तोकडा पडतो गो. मघाशी मी ओरडले ना, ती तिने ठेवलेली जागा होती.

तेव्हा चवथीची वाट बघत बसू नको. तिच्या आधीच ये. कान घरी ठेवलेस तरी चालेल, तोंड तेवढं घेऊन ये.